पेपर पाठवण्याआधी जर्नल तपासा

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन-जर्नलांची यादी, बंद केली. त्यामुळे जर्नल खरं की बनावट, हे आता संशोधकालाच पाहावं लागतं. ‘चार दिवसांत प्रकाशन, फी भरा’ असा मेल आला, तर त्यातल्या लिंकवर जाऊच नका. नामांकित जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जसाच्या तसा उचलून खोट्या साइट काढल्या जातात. आयएसएसएन पोर्टलवर जर्नलची नोंद बघा आणि प्रकाशकाची साइट स्वतः शोधा. मग ताज्या अंकातले दोन-तीन पेपर उघडा. पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बहुतेक ठिकाणी पहिल्याच पानावर असते. त्यांत दोन दिवसांचंच अंतर असेल, तर तज्ज्ञांकडून परीक्षण झालंच नाही असं मी धरते. तरीही शंका उरली, तर त्या पेपरच्या लेखकाला सरळ मेल करा: परीक्षकांनी काय काय विचारलं?