पहिला गेम करताय? या चुका टाळा

कोणी आपला पहिला गेम दाखवायला आलं की मी स्क्रीनआधी त्याच्या हाताकडे बघतो. फोन माझ्याकडे दिल्यावर दहा सेकंदांत त्याचं बोट परत स्क्रीनवर येतं. "इथे दाबा दादा. नाही नाही, आधी ती किल्ली घ्या. आता उडी मारा." फोन माझ्या हातात असतो, पण खेळत तोच असतो. बाकी कुठलीही चूक सांगण्याआधी मी ही सांगतो, कारण ती केली की उरलेल्या चुका दिसतच नाहीत.

मी स्वतः हे करून बसलो आहे. माझा पहिला पूर्ण झालेला गेम पाण्यावर होता. आमच्या घरी तेव्हा सकाळी तासभर नळाला पाणी यायचं आणि त्या तासात घरातल्या सगळ्यांची जी धावपळ व्हायची, तीच मी गेममध्ये आणली होती. हंडा, कळशी, बादली एकेक करून ओढत नळाखाली आणायची, भरत आली की सांडायच्या आत बाजूला करायची. दिवाळीत मावशी आली होती, तिला खेळायला दिला. तिने बादलीवर टिचकी मारली. काही झालं नाही. परत मारली. मी लगेच म्हणालो, "अगं, धरून ओढ मावशी." तिने ओढली, पुढचे चार टप्पे खेळली, "छान केलास रे" म्हणाली. गेम जमला असं समजून मी तो कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवला.

प्रदर्शनात दुपारी मी जेवायला गेलो आणि टेबलाशी मित्राला बसवलं. त्याला गेममधलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो कोणाला काही सांगू शकला नाही. परत आलो तर दोन मुली खेळत होत्या. मी मागे उभा राहून पाहिलं. दोघींनी बादलीवर टिचकी मारली, एकमेकींकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे गेल्या. मित्र म्हणाला, "सकाळपासून हेच चाललंय. बहुतेक बिघडलाय तुझा गेम."

गेम बिघडलेला नव्हता. मावशीच्या बोटाने मला हेच दिवाळीत सांगितलं होतं आणि मी मध्येच बोलून ते दाबून टाकलं होतं. त्या रात्री दोन गोष्टी बदलल्या. नुसती टिचकी मारली तरी भांडं नळाखाली जाईल असं केलं. आणि पहिल्या टप्प्यात बादली आधीच अर्धी नळाखाली ठेवली, धार निम्मी बादलीत, निम्मी फरशीवर. फरशीवर पाणी सांडताना बघून कोणाचाही हात आपोआप बादलीकडे जातो. ते शिकवावं लागत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मी खेळणाऱ्याच्या मागे बसत नाही, बाजूला बसतो, म्हणजे बोट आणि चेहरा दोन्ही दिसतात. एकच वाक्य बोलतो: "खेळून बघा." मग तोंड बंद, मांडीवर वही. बोट कुठे गेलं, कुठे थांबलं, कुठे नजर माझ्याकडे वळली, एवढंच लिहितो. माणूस अडकला तरी निदान दोन मिनिटं मदत करत नाही. ती दोन मिनिटं फार जड जातात, पण पुढच्या आठवड्याचं काम तिथेच सापडतं. संपल्यावर "आवडला का?" विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून सगळे छानच म्हणतात. "मघाशी तिथे थांबलात तेव्हा काय वाटलं होतं?" असं विचारा.

आणि ओळखीची सगळी माणसं पहिल्याच आठवड्यात वापरून टाकू नका. एक माणूस तुमचा गेम पहिल्यांदा एकदाच खेळू शकतो. मी एका वेळी तिघांना देतो, दुरुस्ती करतो, मग पुढचे तिघे.

बोलून शिकवण्याच्या या चुकीचाच धाकटा भाऊ म्हणजे सूचनांची पानं. गेम सुरू होण्याआधी पाच पडदे भरून मजकूर कोणी वाचत नाही. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला पडदा आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडची जागा मोकळी, थोडं पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन आणि समोरून चालत येणारा पहिला शत्रू. सूचनेचा एक शब्द नाही, तरी उजवीकडे जायचं आणि उडी मारायची हे पहिल्या मिनिटात कळतं.

"उडी लागत नाही"

धावण्या-उड्या मारण्याच्या गेममध्ये ही तक्रार हमखास येते आणि नवखा डिझायनर हमखास म्हणतो, "त्याने उशिरा दाबलं." कोडच्या हिशोबाने ते खरंही असतं. कडा दिसली, मेंदूने सांगितलं, अंगठा खाली गेला, तोवर पाय कड्यावरून सुटलेले असतात. पण खेळणाऱ्याच्या मनात त्याने वेळेवर दाबलेलं असतं आणि गेमने आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं.

यावर जुना इलाज आहे. कडा सुटल्यानंतरही साधारण दशांश सेकंद, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) असतील तर सहा फ्रेम, उडी मान्य करायची. जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताच उडी द्यायची. 2018 चा 'सेलेस्ट' अतिशय अवघड म्हणून ओळखला जातो, पण त्यातही या दोन्ही सवलती आहेत. पहिल्या सवलतीला इंग्रजीत कोयोटी टाइम म्हणतात. मी मुलांना कच्चा लिंबू म्हणून समजावतो. गल्लीत धाकट्या भावंडाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तसंच. सहा फ्रेमपुरता प्रत्येक खेळाडू कच्चा लिंबू.

"मग गेम सोपा होईल" हा आक्षेप मला मान्य नाही. दरी रुंद करा, काटे वाढवा, हवा तेवढा अवघड करा. पण बटण दाबल्यावर उडी लागलीच पाहिजे.

माझ्या मशीनवर बरोबर चालतं

एक मुलगा तीन महिने खपून केलेला गाड्यांचा गेम घेऊन आला होता. त्याच्या लॅपटॉपवर तो सुरेख चालायचा. माझा मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 फ्रेम दाखवणारा. गेम सुरू केला आणि गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. त्याने दर फ्रेमला गाडी ठरावीक पिक्सेल पुढे सरकवली होती. त्याच्याकडे सेकंदाला 60 फ्रेम, माझ्याकडे 144, म्हणजे गाडी जवळपास अडीचपट वेगात. आणि सगळी वळणं, सगळ्या वेळा त्याने आपल्या लॅपटॉपवर बसवलेल्या. ते सगळं परत करावं लागलं. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

हालचाल सेकंदाच्या हिशोबात लिहा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणा. आता याच्या उलट चूकही तितकीच होते: कुठेतरी वाचलं म्हणून सगळीकडे डेल्टा लावायचा. गोडो या गेम बनवायच्या इंजिनात पात्र हलवणारं मूव्ह अँड स्लाइड हे तयार फंक्शन वेळेचा हिशोब स्वतःच करतं. तिथे वेग पुन्हा डेल्टाने गुणला तर पात्र गोगलगायीसारखं सरकतं. गुरुत्वाकर्षणाने वेग वाढवताना मात्र डेल्टा लागतोच. युनिटी या दुसऱ्या इंजिनात बटण दाबल्याची तपासणी फिक्स्ड अपडेट या ठरावीक अंतराने चालणाऱ्या फंक्शनमध्ये करू नका. ते मुळात सेकंदाला 50 वेळा चालतं, मधल्या फ्रेममध्ये दाबलेलं बटण हरवतं आणि तुम्ही परत "उडी लागत नाही"पाशी येता.

हे सगळं अर्ध्या तासात समजतं. पण व्हिडिओ थांबवून थांबवून कोड उतरवणाऱ्याला किंवा एआयकडून आयता घेणाऱ्याला ते कधीच समजत नाही, कारण चाललं की तो पुढे जातो. उतरवा, हरकत नाही. मग फाइल बंद करा आणि तेवढाच भाग न बघता लिहून पाहा. मी आजही नवीन गोष्ट अशीच शिकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिलाच गेम ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात हवं तिथे फिरायचा, तोही मल्टिप्लेअर, असा बेत घेऊन येऊ नका. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने केला, त्याला चार वर्षांहून जास्त लागली. चित्रं शेवटी. आधी चौकोन आणि गोल घेऊन खेळा, चौकोनातच मजा नसेल तर चित्राने ती येणार नाही. गिट, म्हणजे कामाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन, पहिल्या दिवशी सुरू करा. "फायनल 2 नवीन" नावाच्या फोल्डरवर विसंबून काम गमावलेली पोरं मी पाहिली आहेत. मराठीत गेम करणार असाल, आणि कराच, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या पहिल्याच आठवड्यात पडद्यावर आणून बघा. गोडोमध्ये 2023 च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते, त्याआधी 'कि'ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसायची.

आणि गेम टेबलावर बसूनच तपासू नका. गर्दीच्या वेळी बसमध्ये चढा. एका हाताने दांडा धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळा, खिडकीतून ऊन पडद्यावर येऊ द्या. मग घरच्यांना मध्येच फोन करायला सांगा. लगोरी खेळताना आईची हाक आली की आपण "टाइम प्लीज" म्हणून घरात जायचो आणि आल्यावर डाव तिथूनच चालू व्हायचा. फोन ठेवून परत आलात आणि तुमचा गेम पहिल्या पडद्यावर गेला असेल, तर उतरल्यावर आधी ते दुरुस्त करा. मला दाखवायला नंतर या.