म्यानमारच्या प्रतिसरकारची बातमी कशी तपासायची

म्यानमारमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय एकता सरकारला, म्हणजे एनयूजीला, सरसकट ‘निर्वासित सरकार’ म्हटलं जातं आणि पहिली चूक तिथंच होते. त्याचे काही मंत्री परदेशात आहेत, काही म्यानमारमध्येच, लष्कराचा ताबा नसलेल्या भागात. साताऱ्यामुळे मराठीत ‘प्रतिसरकार’ हा आयता शब्द आहे. तो जास्त नेमका बसतो. बातमी लिहायची असो, भाषांतर करायचं असो की परीक्षेसाठी टिपण काढायचं असो, तपासणीला खालचा क्रम सोयीचा पडतो.

आधी नावं सुटी करा. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली. चार दिवसांनी निवडून आलेल्या खासदारांनी सीआरपीएच ही समिती केली. ती संसदेच्या जागी. तिनं १६ एप्रिलला एनयूजी जाहीर केलं, ते मंत्रिमंडळ. ५ मे रोजी एनयूजीनं पीडीएफ हे सशस्त्र दल जाहीर केलं. एनयूसीसी हे पक्ष, वांशिक संघटना आणि संपकरी गटांचं सल्लामसलतीचं व्यासपीठ. ‘एनयूजीनं ठरवलं’ असं वाचलं की नेमकं कोणी ठरवलं ते मूळ निवेदनाच्या मथळ्यावरून पाहून घ्या.

मग जनादेश मोजा. इथं घाई करू नका, कारण सगळा दावा याच आकड्यावर उभा आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून ६६४ जागा. त्यातल्या १६६, म्हणजे बरोबर पाव हिस्सा, २००८ च्या राज्यघटनेनं लष्कराला राखून दिलेल्या. उरल्या ४९८. संघर्षग्रस्त भागातल्या २२ जागांवर मतदान झालं नाही, म्हणून ४७६. त्यातल्या ३९६ जागा ८ नोव्हेंबर २०२० ला आंग सान सू ची यांच्या एनएलडी पक्षानं जिंकल्या. लढवलेल्या जागांचे हे ८३ टक्के. पण पूर्ण संसदेत जेमतेम ६० टक्के. घटनेची मुख्य कलमं बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात, म्हणजे लष्कराच्या एका तरी सदस्यानं साथ दिल्याशिवाय काहीच हलत नाही. ३१ मार्च २०२१ ला सीआरपीएचनं ती घटना रद्द झाल्याचं सांगून संघराज्य लोकशाही सनद पुढे आणली, त्यामागचं गणित हे. ८३ आणि ६० हे दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता कशाचा हे न लिहिता छापले की वाचक फसतो.

जनादेश शिळाही होतो. १९९० च्या निवडणुकीत एनएलडीनं ३९२ जागा जिंकल्या, लष्करानं सत्ता सोडली नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात थायलंडच्या सीमेवरच्या मानेरप्लॉ इथं सेइन विन यांचं निर्वासित सरकार बनलं. १९९५ मध्ये मानेरप्लॉ पडलं. सरकार कागदावर २०१२ पर्यंत चाललं. त्यामुळे २०२० चा निकाल देताना वर्ष गाळू नका. लष्करानं मार्च २०२३ मध्ये एनएलडीची नोंदणीच संपवली आणि २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं आपलं मतदान घेतलं, हेही शेजारी यायला हवं.

आता जमीन. लष्कराच्या हातून गेलेला प्रत्येक गाव एनयूजीचा धरणं, ही सर्वांत जास्त आढळणारी गफलत. २७ ऑक्टोबर २०२३ ची शान प्रांतातली मोठी मोहीम तीन वांशिक सेनांच्या आघाडीनं सुरू केली. त्यातली अराकान आर्मी एनयूजीच्या हुकमाखाली नाही. नकाशात एकच ‘बंडखोर’ रंग दिसला तर तो वापरू नये.

पैशाचं कलम वाचताना शब्द चाळून घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनयूजीनं १००, ५००, १००० आणि ५००० डॉलरचे रोखे काढले. मुदत दोन वर्षं, व्याज शून्य. पहिल्याच दिवशी सुमारे ६३ लाख डॉलर जमले. याला गुंतवणूक म्हणणं धाडसाचं. परदेशी राहणाऱ्यांची ही वर्गणीच म्हणायची. न्यूयॉर्कमध्ये म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे एक अब्ज डॉलर गोठवले गेले, ते लष्कराला मिळू नयेत म्हणून. ते एनयूजीच्या हाती पडले असं त्यातून निघत नाही.

‘मान्यता’ हा शब्द तर सर्वांत महाग. भेट, संपर्क कार्यालय, पाठिंब्याचा ठराव आणि राजनैतिक मान्यता या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. युरोपीय संसदेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सीआरपीएच आणि एनयूजी यांना म्यानमारचे वैध प्रतिनिधी म्हटलं. तो ठराव झाला, सदस्य देशांची मान्यता नव्हे. एनयूजीचं वॉशिंग्टनमधलं कार्यालय म्हणजे दूतावास नाही. भारतानंही एनयूजीला मान्यता दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची आणखी मजेशीर. राजदूत क्याव मो तुन यांनी २६ फेब्रुवारी २०२१ ला आमसभेत लष्कराच्या निषेधाची खूण म्हणून तीन बोटं उंचावली, दुसऱ्या दिवशी लष्करानं त्यांना काढल्याचं जाहीर केलं. मग म्यानमारचा प्रतिनिधी कोण, हा निर्णय नऊ सदस्यांच्या अधिकारपत्र समितीनं पुढे ढकलला. खुर्ची क्याव मो तुन यांच्याकडेच राहिली, पण कोणी ती एनयूजीला ‘दिली’ नाही. ‘निर्णय लांबणीवर’ एवढंच लिहा.

शेवटी पाहायचं ते मंत्रिमंडळात कोण आहे ते. सू ची आणि अध्यक्ष विन म्यिन्ट यांची नावं यादीत असली तरी जाहीर झालं तेव्हा दोघंही कैदेत होते; कारभार काचिन या वांशिक समाजातले नेते दुवा लाशी ला (‘दुवा’ ही काचिन पदवी) यांनी हाती घेतला. ३ जून २०२१ ला एनयूजीनं १९८२ चा नागरिकत्व कायदा बदलण्याचं वचन रोहिंग्यांना दिलं, आणि २०२३ मध्ये एक रोहिंग्या उपमंत्री नेमला. सत्तांतराचा आराखडा कितपत खरा, हे अशा नेमणुकांवरून निवेदनांपेक्षा लवकर कळतं.