कोथिंबीर उगवेना तेव्हा

दिवाळी झाली की परभणीतल्या घरामागच्या वाफ्यांत मी मेथी, पालक, कोथिंबीर टाकते. यंदा मेथी ४ दिवसांत वर आली, कोथिंबीर मात्र १५ दिवस झाले तरी दिसेना. उकरून पाहिलं, तर धणे अख्खेच, काही कुजून मऊ पडलेले. काळ्या मातीची पापडी इतकी घट्ट की नखानं उचलावी लागली.

सासूबाईंनी विचारलं, "अगं, धणे रगडले होतेस का?"

नव्हते. एका धण्यात दोन बिया असतात. मग पोत्यात घालून हलकेच रगडले, फाका झाल्या. रात्रभर भिजवून सावलीत सुकवल्या. आमच्या मातीत पाणी फार धरून राहतं, म्हणून वाफा वीतभर उंच केला, कुजलेलं शेणखत अन् थोडी वाळू मिसळली. बी जेमतेम अर्धा इंच खोल. पाणी झारीनंच, अन् वर ओलं गोणपाट. खरं काम या गोणपाटानं केलं, पापडी धरलीच नाही.

नवव्या दिवशी गोणपाट उचललं, तर कोवळे कोंब, काहींच्या डोक्यावर अजून धण्याचं टरफल! गोणपाट लगेच काढून टाकलं, नाहीतर कोंब पिवळे पडतात. थंडी वाढली तशी वाढ मंदावली, पण काल पहिली जुडी खुडली.