‘पळत उतरलो’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला एक काका येतात. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणाऱ्यांपैकी. नातू परदेशात वाढलेला, त्याच्याशी फोनवर चार वाक्यं धड बोलता यावीत एवढीच त्यांची इच्छा. एकदा त्यांनी वहीत लिहून आणलं, ‘आय क्लाइम्ब्ड द फोर्ट बाय वॉकिंग अँड डिसेंडेड बाय रनिंग.’ व्याकरणाची लाल रेघ मारावी असं त्यात काही नव्हतं, पण असं बोलत कुणी नाही. नातू म्हणाला असता, ‘आय वॉक्ड अप अँड रॅन डाउन.’ दहा शब्दांचं काम सहांत.

काकांच्या डोक्यात मूळ वाक्य होतं, ‘चालत चढलो आणि पळत उतरलो.’ ते नीट बघा. कुठल्या दिशेनं गेलो हे मराठीत क्रियापदातच बसलेलं असतं: चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, परतणे. कसं गेलो हे ‘-त’ लावून बाजूला येतं: चालत, पळत, लंगडत, घरंगळत. इंग्रजीत नेमकं उलटं. ‘कसं’ हे क्रियापद होतं आणि ‘कुठं’ हे मागच्या छोट्या शब्दात जातं: अप, डाउन, इन, आउट, अक्रॉस, थ्रू, पास्ट, बॅक. वर्गात आम्ही त्याला शेपूट म्हणतो. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषांची अशी विभागणी मांडली, दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या आणि दिशा बाहेर ठेवणाऱ्या. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय की वाक्य शब्दाला शब्द ठेवून न्यायचं नाही, फिरवून न्यायचं.

तर पहिली पायरी. मराठी वाक्यातला ‘-त’वाला शब्द उचला आणि त्यालाच क्रियापद करा. मग मराठीतलं मुख्य क्रियापद शेपटात घाला.

‘पोरगं पळत रस्ता ओलांडून गेलं.’ पळत म्हणजे रॅन, ओलांडणं म्हणजे अक्रॉस. ‘द बॉय रॅन अक्रॉस द रोड.’
‘बाळ रांगत आत आलं.’ ‘द बेबी क्रॉल्ड इन.’
‘दगड घरंगळत घाटात खाली आला.’ ‘द स्टोन रोल्ड डाउन.’
‘तो लंगडत बाहेर आला.’ ‘ही लिम्प्ड आउट.’

शेपटं एकामागे एक लावताही येतात, आणि इथं इंग्रजी खरी मजा करते. सज्जनगडावरून निम्म्या पायऱ्या उतरलात, पाण्याची बाटली वर राहिल्याचं आठवलं, पळत परत वर गेलात: ‘आय रॅन बॅक अप.’ मराठीला ‘पळत’, ‘परत’, ‘वर’ आणि ‘गेलो’ असे चार शब्द लागले.

पण प्रत्येक ‘-त’ फिरवायचा नसतो. वर्गातल्या एका मुलीनं ‘ती रडत बाहेर आली’ याचं ‘शी क्राइड आउट’ केलं. सूत्राप्रमाणे चोख, पण अर्थ झाला ‘ती ओरडली’. चालत, पळत, सरपटत ही हालचालीची रीत आहे, ती फिरते. रडत, हसत, गात ही हालचाल नव्हे, सोबत चाललेली वेगळी गोष्ट आहे. तिथं साधं ‘शी केम आउट क्राइंग’.

आता ‘डिसेंड’ चुकीचं आहे का? नाही. डिसेंड, असेंड, एंटर, एक्झिट, रिटर्न हे लॅटिनमधून, बरेचसे फ्रेंचच्या वाटेनं, इंग्रजीत आलेले शब्द. त्यांच्या पोटातच दिशा असते, म्हणून मराठी माणसाला ते जवळचे वाटतात. बोलताना मात्र ते जरा सरकारी परिपत्रकासारखे वाजतात. आणि दिशा आत असल्यामुळे त्यांना वर शेपूट लावू नये. ‘रिटर्न बॅक’ म्हणजे ‘परत परतलो’. खोलीत शिरताना ‘एंटर इनटू द रूम’ नको, ‘एंटर द रूम’ पुरे.

दुसरी पायरी गाडीची. सातारा स्टँडवरून निघालेला माणूस दिवसभरात दहा वेळा चढतो-उतरतो, आणि तिथंच अडतो. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे एसटी, रेल्वे, विमान, तिथं ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटारसायकल आणि घोडा यांवर आपण मांड टाकतो, त्यांनाही तेच. कार आणि रिक्षात वाकून आत शिरायचं, म्हणून ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘गेट डाउन ॲट पोवई नाका’ भारतात सगळ्यांना कळतं, मीही आईशी बोलताना म्हणते. पण बाहेरच्या माणसाला ‘गेट डाउन’ म्हटलं तर तो डोकं खाली घालून बसण्याची शक्यता आहे. त्याला ‘गेट ऑफ’ म्हणा.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड, म्हणून जरा थांबून. वर्गात एक टॅक्सीवाला दादा आहे, कास-ठोसेघरच्या फेऱ्या करतो. तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, ‘आय विल पिक अप यू.’ बरोबर आहे ‘पिक यू अप’. मग त्यानं हेच ‘गेट ऑन’ला लावलं आणि ‘गेट इट ऑन’ म्हणाला. पुस्तकं इथं लांबलचक याद्या देतात. माझी कसोटी छोटी आहे: हलतंय कोण? ‘पिक यू अप’मध्ये तुम्हाला हलवलं जातंय. जे हलवलं जातं त्याचा ‘हिम’, ‘हर’, ‘इट’ किंवा ‘यू’ क्रियापद आणि शेपूट यांच्या मधोमध बसतो: ‘ड्रॉप हर ऑफ’, ‘ब्रिंग देम बॅक’, ‘पुट इट डाउन’. ‘गेट ऑन’मध्ये बस जागेवर आहे, हलतोय मी. जागा शेवटी येते: ‘गेट ऑन इट’, ‘गो थ्रू इट’, ‘रन अक्रॉस इट’. पूर्ण नाव असेल तर पहिल्या गटात दोन्ही चालतं, ‘ड्रॉप माय आंटी ऑफ’ आणि ‘ड्रॉप ऑफ माय आंटी’. एक अपवाद लक्षात ठेवा: एसटी न थांबता पुढून निघून गेली तर ‘द बस पास्ड अस बाय’, आपण जागेवर असूनही मध्ये.

याच दादासाठी रस्त्यावरची थोडी वाक्यं केली होती, ती इथं देते. पहाटे निघणं म्हणजे ‘सेट ऑफ’. गाडी कडेला घेणं ‘पुल ओव्हर’, बंद पडणं ‘ब्रेक डाउन’, मुख्य रस्ता सोडून फाट्याला वळणं ‘टर्न ऑफ’. कासला हंगामात ऑनलाइन बुकिंग नसताना गेलात आणि त्यांनी परत पाठवलं तर ‘वी वेअर टर्न्ड अवे’. पाऊस बघून आपणच माघारी फिरलात तर ‘वी टर्न्ड बॅक’. दोन्हीत गाडी तशीच घरी येते, पण गिऱ्हाइकाला पैसे परत देताना फरक पडतो! खंबाटकीचं वाक्य त्याला फार आवडलं. पुण्याहून येताना घाट चढायचा आणि साताऱ्याहून जाताना बोगद्यातून जायचं, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत होती. ‘यू कम ओव्हर द घाट अँड गो बॅक थ्रू द टनल.’

बोलताना जोर कुठं द्यायचा? ‘पिक यू अप’मध्ये ‘अप’वर. आपण सगळा जोर ‘पिक’वर देऊन ‘अप’ गिळतो आणि समोरचा विचारतो, काय निवडायचंय?

येणं-जाणं राहिलं. घरातून निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो, ‘जातो’ म्हटलं की आजी रागावते. इंग्रजीत निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणालात तर समोरचा तुमची वाट बघत बसेल. तिथं ‘आय ॲम ऑफ’ म्हणायचं, नुसतं शेपूट, क्रियापद जवळजवळ नाहीच.

सराव असा: रात्री झोपण्याआधी दिवसभरातली पाच हालचालींची वाक्यं मराठीत लिहा, ‘-त’खाली रेघ ओढा आणि फिरवा. काकांनी मागच्या आठवड्यात आणलेलं वाक्य असं होतं: ‘धुकं तरंगत घाटातून वर आलं आणि आम्ही चाचपडत परत खाली आलो.’ खाली त्यांनीच लिहिलं होतं, ‘द मिस्ट ड्रिफ्टेड अप थ्रू द घाट अँड वी ग्रोप्ड अवर वे बॅक डाउन.’ ‘ग्रोप्ड अवर वे’ त्यांना नातवानं सांगितलं. ‘बॅक डाउन’ त्यांचं स्वतःचं.