अमरनाथची पायी यात्रा : पहलगामच्या वाटेने कशी करावी

अमरनाथच्या गुहेकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत. बालटालहून साधारण १४ किलोमीटरची चढाची, अरुंद वाट एका दिवसात गुहेपर्यंत पोहोचवते. पहलगामहून निघणारी जुनी वाट मात्र चंदनवाडी, शेषनाग, पंचतरणी असे टप्पे घेत दोन-तीन दिवसांनी तिथे नेते. सुट्ट्यांचा हिशेब करून बहुतेक जण बालटालकडे वळतात, परंतु प्रथमच जाणाऱ्याने पहलगाममार्गे चढावे आणि बालटालमार्गे उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गुहा सुमारे ३,८८८ मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारा वेळ याच वाटेवर मिळतो.

यात्रेच्या तारखा दरवर्षी वेगळ्या असतात. सांगता मात्र श्रावण पौर्णिमेला, म्हणजे राखीपौर्णिमेला होते. श्री अमरनाथजी श्राइन बोर्डाकडे नोंदणी केल्याशिवाय आणि अधिकृत डॉक्टरांकडून आरोग्य प्रमाणपत्र घेतल्याशिवाय जाता येत नाही. तेरा वर्षांखालील मुले, सत्तरीपुढील व्यक्ती आणि सहा आठवड्यांहून अधिक काळाच्या गर्भवती यांना परवानगी मिळत नाही. परवाना ठरलेल्या तारखेपुरता व चढण्याच्या ठरलेल्या मार्गापुरताच चालतो आणि पुढे आरएफआयडी कार्डही (यात्रेकरूचा ठावठिकाणा कळवणारे ओळखकार्ड) घ्यावे लागते, म्हणून रेल्वेचे आरक्षण परवान्याची तारीख पक्की झाल्यावरच करावे. वैद्यकीय तपासणी केवळ शिक्का मिळवण्यासाठी उरकू नये. १९९६ च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर अवेळी झालेल्या बर्फवृष्टीत दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले होते. इथले हवामान दुर्बळ प्रकृतीला सवलत देत नाही.

निदान महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर भरभर चालण्याचा सराव ठेवावा, जोडीला जिने चढावेत आणि प्राणायाम करावा. मात्र सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकणाऱ्यांनीही त्या अनुभवावर विसंबू नये. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर संपते, तर चंदनवाडीचा पायथाच सुमारे २,९०० मीटरवर आहे. दमसास चांगला असला म्हणजे विरळ हवा बाधत नाही, हा गैरसमज आहे. उलट जोमदार तरुणच वेगाने चढून आजारी पडतात.

पहलगामला एक रात्र मुक्काम करून सकाळी लवकर वाहनाने १६ किलोमीटरवरील चंदनवाडीला पोहोचावे. फाटकातून आत सोडल्यावर लगेच पिस्सू घाटी लागते. जेमतेम तीन किलोमीटरचा हा नागमोडी चढ संपूर्ण वाटेतला सर्वांत दमवणारा आहे. बोलताना धाप लागणार नाही, एवढ्याच वेगाने तो चढावा. मागून घोडे येत असल्याची हाक ऐकू आली की दरीच्या कडेला न थांबता डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहावे, कारण घोड्याच्या पाठीवरचे ओझे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असते आणि त्याचा नुसता धक्काही माणसाला कड्यावरून ढकलायला पुरेसा होतो. आखूड वाटेच्या मोहाने वळणे तोडून चढू नये.

पिस्सू टॉप या घाटीच्या माथ्यानंतरची चाल पुष्कळ सौम्य आहे. सुमारे ३,६०० मीटरवरील शेषनागला, हिरव्या-निळ्या सरोवराजवळ, तंबूत मुक्काम करावा. दुपारी अंगात शिल्लक शक्ती वाटली, तरी त्याच दिवशी पुढे जाऊ नये. तंबूत शिरताच घामाने भिजलेले कपडे आणि मोजे बदलावेत. झोपण्यासाठी मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अगदी निराळा ठेवलेला असावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाइल पांघरुणात घ्यावा. जम्मू-काश्मीरबाहेरचे प्रीपेड सिम तेथे चालत नाही, हेही निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी महागुणस खिंड ओलांडून पंचतरणीला मुक्कामाला पोहोचायचे असते. सुमारे ४,३०० मीटरवर, या वाटेवरील सर्वोच्च ठिकाणी, समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ६० टक्केच प्राणवायू मिळतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना उडणे ही पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर दर्शनाचा विचार बाजूला ठेवून वाटेवरच्या वैद्यकीय केंद्रात जावे आणि तत्काळ खाली उतरावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. भरपूर पाणी प्यावे आणि या दिवसांत कडक उपास टाळावा. भंडाऱ्यात गरम जेवण मिळते, ते थोडे थोडे खावे.

कपड्यांच्या बाबतीत लोकरीचे थर, वाऱ्यापावसाला अडवणारे जाकीट आणि पकड असलेले, आधी वापरून रुळलेले बूट महत्त्वाचे. साडी किंवा चपला घालून ही वाट चालणे धोक्याचे आहे. घोडा, पिठ्ठू (ओझे वाहणारा हमाल) किंवा पालखी केल्यास नोंदणीकृत माणूसच घ्यावा, त्याचे ओळखपत्र पाहावे आणि तो नजरेआड होऊ देऊ नये; औषधे व गरम कपडे त्याच्याकडील सामानात न देता स्वतःजवळ ठेवावेत. खिशात आपले नाव, पत्ता आणि सोबत्याचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

पंचतरणीहून गुहा सहा किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास दर्शन आटोपून दिवसाउजेडी परत फिरता येते. ८ जुलै २०२२ रोजी गुहेजवळच्या नाल्याला संध्याकाळच्या सुमारास अचानक पूर आला होता, त्यामुळे नाल्याच्या पात्रात किंवा काठावर विसावा घेण्याचे टाळावे. संगम नावाच्या ठिकाणाजवळ बालटालची वाट फुटते. ती उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, तेव्हा काठी हवीच. पहलगामला ठेवलेले जादा सामान मात्र आधीच वाहनाने बालटालकडे पाठवण्याची व्यवस्था करावी, नाहीतर त्यासाठी रस्त्याने मोठा वळसा घालून माघारी जावे लागते.