घरातून गोठ्यात वीज नेताना: केबल, अर्थिंग आणि आरसीसीबी

गोठ्यात दिवा हवा म्हणून पडवीतल्या बोर्डातून वायर काढायची, न्हाणीच्या पत्र्यावरून आणि झाडाच्या फांदीवरून नेऊन गोठ्यात सोडायची, ही पद्धत गावोगाव दिसते. आधी एक बल्ब असतो. मग पंखा येतो, पाण्याची मोटर येते, शेवटी कडबाकुट्टी येते. वायर मात्र तीच राहते आणि अर्थिंगचा तर कुणी विचारही केलेला नसतो.

गोठा म्हणजे घराची आणखी एक खोली नव्हे. तिथली जमीन शेणामुताने कायम ओली असते आणि जनावर त्या ओलीवर चार पायांवर उभं असतं. जमिनीत वीज उतरली तर पुढच्या आणि मागच्या पायांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट छातीतून जातो. माणसाला झिणझिण्या येतील तेवढ्यात गाय आडवी होते. म्हणून गोठ्यापर्यंत फेज आणि न्यूट्रल पोचले म्हणजे काम झालं असं समजू नका. गोठ्याचं स्वतःचं संरक्षण उभं करणं हाच या कामाचा मोठा भाग आहे.

हे काम कायद्यानेही परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. पुढचं सगळं वाचायचं ते वायरमनला काय सांगायचं आणि त्याने काय केलं हे तपासायचं कसं, ते कळावं म्हणून. चर खणणं, वाळू आणणं, माप घेणं ही कामं घरच्यांनी करावीत. जोडणीला हात लावू नये.

आधी मीटर आणि भार

घरच्या दोन-चार जनावरांच्या गोठ्यातला दिवा ही एक गोष्ट. धंद्याचा मोठा गोठा किंवा पोल्ट्री असेल तर महावितरणकडून त्या वापराची वेगळी जोडणी घ्यावी. मंजूर वापर सोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरली, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शेतीपंपाच्या लाइनवरून गोठा चालवायचा मोह होतो, पण त्यातही हीच अडचण आहे. शिवाय त्या फीडरला पाळीप्रमाणे ठरावीक तासच वीज असते, आणि गाय व्यायला बसते ती नेमकी रात्री.

मग गोठ्यात काय काय चालणार, त्याची यादी करा. पुढच्या पाच वर्षांत येईल तेही धरा. एलईडी दिवे आणि पंखे मिळून भार किरकोळ असतो. खरा भार मोटरचा. सिंगल फेज २ एचपीची कडबाकुट्टी चालताना साधारण १२ अँपिअर घेते, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या चार-पाच पट. घराचा मंजूर भार एवढा नसेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा.

तारेची जाडी

दुकानात गेलं की "अडीचची घेऊन जा" असा सल्ला मिळतो. घरातल्या १० मीटरला ती ठीक आहे. अंतर वाढलं की तारेतच व्होल्टेज पडतं, आणि ते जाताना आणि येताना असं दोन्हीकडे पडतं.

एक उदाहरण घेऊ. घर ते गोठा ६० मीटर. दोन्हीकडची भिंतीवरची चढण आणि थोडी सैल धरून केबल ७० मीटर, म्हणजे तारेची एकूण लांबी १४० मीटर. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध (वीज अडवण्याचं माप) किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. १४० मीटरला तो १.०४ ओहम होतो. १२ अँपिअरला साडेबारा व्होल्ट पडले. सुरू होताना ५० अँपिअर धरले तर ५२ व्होल्ट! संध्याकाळी घरातच २०५ व्होल्ट येत असतील तर कुट्टीला दीडशेच्या आसपास मिळतील. मोटर नुसती घुमेल, उचलणार नाही आणि थोड्या दिवसांत जळेल.

तेच १० चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, म्हणजे ६ चौरस मिलिमीटर तांब्याइतकाच. आपल्या केबलला तो ०.४३ ओहम होतो. चालताना जेमतेम ५ व्होल्ट पडतात, सुरू होताना २२. खर्चही तांब्यापेक्षा बराच कमी येतो. म्हणून या अंतराला आणि या भाराला दोन कोरची (आत दोन तारा असलेली) १० चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल हा माझ्या मते सर्वात शहाणा सौदा आहे. केबलवर आयएसआयची खूण आणि आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ हा क्रमांक छापलेला बघून घ्या.

तुमचं अंतर वेगळं असेल तर हाच हिशोब करा: केबलची किलोमीटरमधली लांबी दुप्पट करा, किलोमीटरच्या रोधाने गुणा, अँपिअरने गुणा. उत्तर ७ व्होल्टच्या आत, म्हणजे साधारण ३ टक्क्यांच्या आत हवं. नुसते दिवेच लावायचे असतील तर २०० मीटरलाही बारीक केबल चालते. मोटर येणार असेल तरच जाडीचा खर्च करा.

जमिनीखालून न्यावी

वरून तार नेणं स्वस्त पडतं. पण वारा, फांद्या, माकडं आणि कडब्याने भरलेली गाडी हे चारही तिचे शत्रू आहेत. नाइलाज असेल तर झाडाला न बांधता खांब रोवा आणि आधाराला जीआय (जस्ताचा लेप दिलेली लोखंडी) तार ओढा. इन्सुलेशन असलेली तार मोकळ्या जागेत किमान ४ मीटर आणि रस्ता ओलांडताना ५.८ मीटर उंच असावी.

जमिनीखालून न्यायची तर चर पाऊण मीटर खोल खणा. ट्रॅक्टरचा नांगर एवढा खाली जात नाही, तरीही रानातून आडवी न नेता बांधाच्या कडेने न्या. तळाला चाळलेली वाळू, तिच्यावर केबल, पुन्हा वाळू, त्यावर आडव्या विटांची ओळ आणि मग माती. विटांवर हातभर माती आली की पिवळी किंवा लाल इशारापट्टी अंथरा. उद्या नळाची लाइन खणणाऱ्याच्या टिकावाला आधी पट्टी लागते, मग विटा.

काळ्या जमिनीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे ताणून टाकलेली केबल ओढली जाते. चरात केबल नागमोडी टाका. जमिनीखाली सांधा अजिबात नको. लांबी कमी पडली तर केबल बदलून आणा. घुशी साध्या वायरचं पीव्हीसी कुरतडतात, आर्मर्डमधल्या लोखंडी कवचापुढे त्यांचं चालत नाही. चर बुजवण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घराच्या कोपऱ्यापासून मापं वहीत लिहून ठेवा.

घराकडचं टोक

गोठ्याची केबल घरातल्या एखाद्या प्लगच्या सर्किटमधून काढू नये. मीटरनंतरच्या मेन स्विचपासून तिची वेगळी शाखा निघाली पाहिजे. या शाखेवर २० अँपिअरचा, सी प्रकारचा (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि १०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा म्हणजे एस प्रकारचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पडणारा स्विच, बसवा.

घराच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या पुढून गोठा जोडला, तर गोठ्यातल्या ओलसर बोर्डामुळे घरातला फ्रिज बंद पडेल. तसं चार वेळा झालं की कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतं. शाखा वेगळी असली की गोठ्यातला ३० मिलिअँपिअरवाला आधी पडतो आणि घर चालू राहतं.

अर्थिंग

इथे घाई करू नका. अनेक घरांत अर्थिंगचा पाइप असतो आणि "अर्थिंग आहे की!" म्हणून सगळे निश्चिंत असतात. समजा त्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. कुट्टीच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडतच नाही. पत्रा जिवंत राहतो आणि कुणीतरी हात लावेपर्यंत कळत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र त्याच क्षणी पडतो. म्हणून गोठ्याला दोन्ही हवेत, स्वतःचं अर्थिंगही आणि स्वतःचा आरसीसीबीही.

अर्थिंगसाठी ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच ते तीन मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाचा हौद. खडकाळ माळावर अडीच मीटर खोली मिळत नाही. तिथे कमी खोलीवर दोन-तीन इलेक्ट्रोड लांब-लांब टाकून एकमेकांना जोडतात. कोकणातला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि काळी जमीन पाइपपासून सुटते, तेव्हा फेब्रुवारीपासून आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. मुताच्या नाल्याजवळ ओल आयती मिळते म्हणून पाइप तिथे टाकायचा मोह आवरा. दोष आला की सर्वात जास्त व्होल्टेज त्या पाइपभोवतीच्या जमिनीत असतं. खड्डा दावणीपासून लांब, गोठ्याच्या मागच्या बाजूला घ्या.

आता जोडण्या. केबलचं लोखंडी कवच घराकडच्या टोकाला ग्लँड (केबल घट्ट धरणारं फिटिंग) लावून घराच्या अर्थिंगला जोडा. गोठ्याकडे ते प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये थांबवा, गोठ्याच्या अर्थिंगला जोडू नका. घरातल्या गिझरचा दोष कवचावरून गव्हाणीपर्यंत येऊ नये, एवढ्यासाठी हे. गोठ्याचे लोखंडी खांब, पत्रे, गव्हाणीचा पाइप, पाण्याची लोखंडी टाकी आणि कोबा घालणार असाल तर त्यातली जाळी, हे सगळं ८ नंबरच्या जीआय तारेने गोठ्याच्या अर्थिंगला एकत्र बांधा. सगळं एकाच पातळीवर असलं की जनावराच्या तोंडात आणि पायांत व्होल्टेजचा फरक उरत नाही. गाय पाण्याला तोंड लावून झटकन मागे घेत असेल किंवा कारण नसताना पान्हा चोरत असेल, तर पशुवैद्याबरोबर वायरमनलाही बोलवा.

न्यूट्रलच्या जागी अर्थिंग वापरून दिवा किंवा मोटर चालवायची पद्धत काही भागांत रुळली आहे. ती जमीन जिवंत करते. गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठेही जोडायचे नाहीत.

गोठ्यातलं फिटिंग

दारापाशी, शिंग आणि शेपूट पोचणार नाही एवढ्या उंचीवर झाकणाचा प्लॅस्टिक डीबी (स्विचांची पेटी) लावा. आत येताच ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी, मग दिव्यांना ६ अँपिअर आणि कुट्टीला सी प्रकारचा १६ अँपिअर एमसीबी. गोठ्यातला अमोनिया आणि ओल मिळून तांबं आणि लोखंड दोन्ही खातात, म्हणून पाइप पीव्हीसीचे आणि दिवे झाकणबंद घ्या. कडब्याच्या गंजीजवळ दिवा किंवा बोर्ड नको.

कुट्टीला साध्या बटणावर चालवू नका. ओव्हरलोड रिले असलेला डीओएल स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. लाइट गेल्यावर अडकलेला कडबा काढायला पात्यात हात घातलेला असताना लाइट आली, तर हा स्टार्टरच हात वाचवतो.

चालू करण्याआधी

चर बुजवण्याआधी एकदा आणि बुजवल्यावर एकदा, दोन्ही टोकं सुटी ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) केबल तपासून घ्या. आकडा १ मेगाओहमपेक्षा बराच वर हवा. अर्थ टेस्टरने पाइपचा रोध मोजायला लावा आणि तारीख टाकून डीबीच्या झाकणाआत लिहा. ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट मागून घ्या. त्यानंतर दोन्ही आरसीसीबींचं टी लिहिलेलं बटण दाबून बघा, आणि पुढे दर महिन्याला बघत राहा. दाबूनही न पडणारा आरसीसीबी त्याच दिवशी बदलावा.

घरातल्या सगळ्यांना, शाळकरी मुलांनाही, गोठ्याचा एमसीबी कोणता ते दाखवून त्यावर मोठ्या अक्षरात 'गोठा' लिहा. जनावर कोसळलेलं दिसलं तर त्याला किंवा दावणीला हात न लावता आधी घराकडे येऊन तो पाडायचा, मगच गोठ्यात शिरायचं.