घरच्या स्टुडिओत मॉर्मन रॉक: या चुका टाळा

युटात लीहायपासून प्रोव्होपर्यंतच्या पट्ट्यात राहत असाल आणि घरात दोन बरे माइक, एक ऑडिओ इंटरफेस आहे हे शेजाऱ्यांना कळलं, की एखादा मॉर्मन बँड, म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या चर्चच्या पोरांचा बँड, तुमच्या दारात उभा राहिलाच म्हणून समजा. पोरं गुणी असतात, बोलायला नम्र असतात, आणि पेन ड्राइव्ह पुढे करून विचारतात, "जरा ऐकून सांगता का, काय चुकलंय?" काय चुकलंय ते फाइल उघडायच्या आधीच माहीत असतं, कारण दर वेळी तेच चुकलेलं असतं. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवतो.

हा प्रकार नवा नाही. मूळच्या इथल्याच ऑग्डेन गावच्या ऑस्मंड बंधूंनी १९७३ मध्ये आपल्या चर्चच्या शिकवणुकीवर अख्खा रॉक अल्बम काढला होता. पुढे प्रोव्होच्या छोट्या छोट्या स्टेजवरून निऑन ट्रीज आणि इमॅजिन ड्रॅगन्स वर आले. २०१८ मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव घ्या असं सांगितलं. पोरं आपसात अजून मॉर्मन रॉकच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. रविवारच्या सभेत वाजतो तो ऑर्गन किंवा पियानो. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारला तिथे थारा नाही. त्यामुळे सगळा रॉक घरच्या बेसमेंटमध्ये जन्माला येतो आणि बेसमेंटचे सगळे दोष घेऊनच बाहेर पडतो. दुसरं म्हणजे, ही गाणी काहीतरी सांगण्यासाठी केलेली असतात. पोरगं दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊन आलेलं असतं, त्याला जे वाटलं ते कडव्यात असतं. ते शब्दच ऐकू येणार नसतील तर बाकी खटाटोप कशासाठी?

खोली न ऐकता प्लगइन विकत घेणं

इथल्या बहुतेक मॉर्मन घरांत बेसमेंटला एक धान्याची खोली असते. अडीनडीसाठी घरात साठा ठेवा ही चर्चची जुनी शिकवण. लोखंडी रॅकवर गहू, ओट्स, दुधाची पावडर यांचे पत्र्याचे मोठे डबे रांगेने लावलेले. गव्हाच्या एका डब्यात अडीच किलोच्या आसपास माल. खालच्या फळीवर काचेच्या बरण्यांत घरी भरलेले पीच. आणि भिंतीच्या अलीकडे ड्रम सेट, कारण घरात दुसरीकडे जागाच नसते.

गेल्या हिवाळ्यात एका बँडने गाणं पाठवलं. सगळ्यांनी एका खोलीत एकदम वाजवून केलेला टेक, बेसवाल्याचा हात तर फारच गोड. पण कोरसमध्ये बेस खालच्या 'ए' सुरावर आला की मागे बारीकसं झर्रर्र. आधी त्यांनी बेसच्या तारा बदलल्या. मग केबल. मग बेस दुकानात नेऊन फ्रेट घासून आणले. मग आवाज साफ करणारं एक महागडं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं अवजार) घेतलं आणि ते ड्रमवर टांगलेल्या ओव्हरहेड माइकच्या ट्रॅकवर एवढं रेटलं, की झांजांची धारच गेली. झर्रर्र मात्र होतं तिथेच.

मी गेलो आणि बेसवाल्याला म्हटलं, सगळ्यात खालच्या सुरापासून एकेक सूर लांबवत वर ये, घाई करू नको. 'ए' आला, म्हणजे ५५ हर्ट्झ, आणि धान्याच्या खोलीतून झर्रर्र सुरू. आत जाऊन एकेका डब्यावर तळवा ठेवत गेलो. तिसऱ्या फळीवरच्या ओट्सच्या डब्यावर हात पडला आणि आवाज गप्प. डबा उघडलेला होता, वर प्लास्टिकचं झाकण होतं, आणि कापलेलं पत्र्याचं झाकण कोणीतरी त्याच्या खालीच ठेवून दिलं होतं. ते पातळ पान त्या एका सुराला थरथरायचं आणि दाराच्या फटीतून थेट ओव्हरहेड माइकमध्ये जायचं. पान काढून टाकलं, काम झालं. रॅक जरा मागे सरकवू का विचारल्यावर पोराच्या आई म्हणाल्या, "सरकवा, पण लेबलं पुढेच राहू देत, तारखेप्रमाणे लावलेत." बाईंची शिस्त बँडपेक्षा बरी होती.

माझी सवय सांगतो. नव्या खोलीत माइक बाहेर काढायच्या आधी स्पीकरवर ३० पासून ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावतो आणि खोलीभर फिरतो. कुठे दिव्याची काच वाजते, कुठे हीटरची जाळी, कुठे स्नेअरच्या खालच्या तारा. जे वाजतं त्यावर रबराची चटई, नाहीतर जुनं ब्लँकेट. पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. पण ही दहा मिनिटं कोणालाच द्यायची नसतात. प्लगइनसाठी पैसे मात्र लगेच निघतात.

हीटरची भट्टीही बेसमेंटमध्येच असते. टेक घेताना ती बंद करा आणि गाडीची किल्ली थर्मोस्टॅटपाशी ठेवा. तिथून किल्ली उचलल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे भट्टी परत लावायची राहत नाही. युटाच्या जानेवारीत दुसऱ्याच्या घरची भट्टी रात्रभर बंद राहिली, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने काहीही होत नाही. चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल कोपऱ्यांत लावा.

भक्तिभाव म्हणजे रिव्हर्ब, हा गैरसमज

रिव्हर्ब म्हणजे आवाजाला दिलेला कृत्रिम घुमारा. तो भरमसाट ओतणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती कुठून येते तेही मला ठाऊक आहे. सॉल्ट लेक सिटीतलं टॅबरनॅकल १८६७ मध्ये बांधून झालं. कासवाच्या पाठीसारखं छप्पर, लांबी सुमारे ७५ मीटर. तिथले लोक पर्यटकांना पुढे टाचणी टाकून दाखवतात आणि तिचा आवाज मागच्या बाकावर येतो. ही पोरं लहानपणापासून तिथलं कॉयर आणि अकरा हजारांवर पाइपांचा तो ऑर्गन ऐकत वाढलेली. पवित्र आवाज म्हणजे मोठ्या घुमटातला आवाज, हे कानात पक्कं बसलेलं. मग गाण्यात देवाचं नाव आलं की रिव्हर्बचं बटण आपोआप उजवीकडे फिरतं. गळ्याला चार सेकंदांचा हॉल (मोठ्या सभागृहासारखा घुमारा), गिटारला हॉल, आणि देवा रे, किक ड्रमलाही हॉल.

कॉयरला ते शोभतं, कारण तिथे स्वर लांब असतात, कॉर्ड सावकाश बदलतात आणि ड्रम नसतात. तुमचं गाणं १३० च्या लयीत. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाहून कमी. चार सेकंदांची शेपटी आठ-नऊ ठोक्यांवर पसरते, म्हणजे आत्ताच्या कॉर्डवर दोन बार आधीची कॉर्ड अजून तरंगत असते. त्या चिखलात शब्द सापडायचे कसे?

मी काय करतो? गळ्याला १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा एकच डिले (आवाजाची उशिरा येणारी प्रत), अगदी बारीक. सोबत सव्वा सेकंदाचं प्लेट रिव्हर्ब, त्याला ३०-४० मिलिसेकंदांचा प्री-डिले, म्हणजे आधी शब्द पोचतो आणि मग त्याची सावली. रिव्हर्बच्या ट्रॅकवर ४००-५०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकायचं. किक आणि बेस कोरडे. बस. शेवटच्या कोरसला हॉल हवाच असेल तर तिथेच द्या. आधी कोरडं ऐकलेलं असलं की तो घुमट अंगावर येतो. सुरुवातीपासूनच घुमट लावला तर शेवटी मोठं करायला उरतं काय?

आणि मिक्स झाला असं वाटलं की मी ते गाणं बायकोला स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर एकदाच ऐकवतो. तिला यातलं एकही गाणं पाठ नसतं, धर्मग्रंथातली नावंही ओळखीची नसतात. ऐकू येईल ते कागदावर लिहायचं, एवढंच काम. दुसऱ्या कडव्यात तिचं पेन थांबलं की मी मिक्स परत उघडतो. बँडवाल्यांना हा प्रकार अपमानास्पद वाटतो, कारण त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत असतो. येणारच, त्यांनीच लिहिलाय.

'स'चा पाऊस

जीझस क्राइस्ट. सेंट्स. सॅक्रिफाइस. सिन्स. या गाण्यांच्या शब्दांत जिकडेतिकडे 'स' आणि 'स्ट'. त्यात स्वस्तातला कंडेन्सर माइक, जो ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आधीच चढा असतो. मग डी-एसर (टोचणारा 'स' दाबणारं प्लगइन) एवढा दाबतात की गायक बोबडा वाटायला लागतो. माइक गायकाच्या तोंडासमोर न धरता थोडा वर आणि तिरपा ठेवा, वीतभर अंतर ठेवा. तरी टोचलं तर साधा डायनॅमिक माइक लावा. त्यात लाज कसली? रॉकच गाताय.

मागे गाणाऱ्यांची गंमत वेगळीच. ही सगळी वॉर्डच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या चर्चमंडळाच्या, कॉयरमध्ये तयार झालेली, सुराला पक्की, हार्मनी चुटकीसरशी बसते. पण चौघांचे आठ ट्रॅक केले की ओळीच्या शेवटचा 'स' आठ वेगवेगळ्या क्षणी येतो. मी सरळ सांगतो, शेवटचा 'स' आणि 'ट' फक्त मुख्य गायक म्हणेल, बाकीच्यांनी शब्द उघडाच सोडायचा. एकेकट्याचं गाणं अर्धवट वाटतं, एकत्र ऐकल्यावर कोणालाही कळत नाही. नंतर बसून आठ ट्रॅकचे 'स' कात्रीने कापायची हौस असेल तर कापा बापडे.

मीटिंगहाउसच्या, म्हणजे चर्चच्या सभा भरतात त्या इमारतीच्या, बास्केटबॉल हॉलमध्ये ड्रम वाजवून "मोठा साउंड" मिळवायची टूम दर उन्हाळ्यात निघते. समोरासमोर कोऱ्या भिंती, खाली लाकडी फरशी: टाळी वाजवली की टर्रर्र करून परत येते. तोच टर्रर्र प्रत्येक स्नेअरवर बसतो आणि मग तो काढता येत नाही. शिवाय चर्चची इमारत व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. गाणं विकायचं असेल तर तो विषय तिथेच संपला.

हवा. पावसाच्या बाबतीत युटा अमेरिकेतलं नेवाडाखालोखाल कोरडं राज्य, आणि हिवाळ्यात भट्टी लावली की घरातली उरलीसुरली ओलही जाते. अकूस्टिक गिटारच्या फ्रेटची टोकं बोटाला लागायला लागतात, वरची फळी खाली बसते, आणि पोरं म्हणतात गिटार सुरात राहत नाही. राहणार कशी? गिटार केसमध्ये ठेवा, केसमध्ये ओलावा देणारी नळी ठेवा, ४५ ते ५० टक्के आर्द्रता सांभाळा. मुंबईच्या पावसात तबला उतरतो, इथे जानेवारीत आपोआप चढतो. ज्यांनी भारतातून तबला आणलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाण्याआधी सोडा पिऊ नका. कॉफी, चहा, दारू धर्मात वर्ज्य, म्हणून इथे गल्लोगल्ली सोड्याची दुकानं, आणि त्या सोड्यात क्रीम, नारळाचं सिरप, वर बर्फ. मोठा ग्लास घेऊन आलेला गायक पहिल्या कडव्यात ढेकर देतो, दुसऱ्यात खाकरतो. साधं कोमट पाणी.

लेव्हल लाल दिव्यापर्यंत चढवू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करताना शिखर उणे १२ डेसिबलपाशी राहिलं तरी काही बिघडत नाही. टेपच्या जमान्यातला सल्ला टेपबरोबर गेला.

रेकॉर्ड करताना कॉम्प्युटरचा बफर (तो आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा) १२८ सॅम्पलचा, मिक्स करताना १०२४ चा. बफर मोठा असला की गायकाला आवाज उशिरा पोचतो. गायक लयीच्या मागे पडतोय म्हणून त्याला ओरडण्याआधी हे बघा.

गिटारमध्ये हम येतोय? इथली वीज ६० हर्ट्झची, भारतासारखी ५० ची नाही. फिल्टर लावताना आकडा बरोबर लावा. त्याआधी बेसमेंटच्या दिव्याचा डिमर बंद करून बघा. बहुतेक वेळा तोच असतो.

वरच्या मजल्यावर पाच-सहा मुलं पळत असताना गळा रेकॉर्ड करू नका. चर्चच्या रीतीप्रमाणे सोमवारची संध्याकाळ घरच्यांची, रविवारी काम नाही, मधले दिवस शाळा-नोकरीचे, म्हणजे उरतो शनिवार, आणि शनिवारी सगळी मुलं घरीच. मग शनिवारी सकाळी लवकर या. "रात्री उशिरा करू" म्हणणाऱ्या बँडचं गाणं अजून अर्धंच आहे.

आता शेवटची चूक, जिचा आवाजाशी संबंध नाही. गाणं स्वतःचं, पण मधल्या ब्रिजमध्ये जुन्या स्तोत्राची ओळ घालायची फॅशन आहे. विल्यम क्लेटनने १८४६ मध्ये पश्चिमेकडच्या वाटेवर लिहिलेलं 'कम, कम, यी सेंट्स' खुशाल घ्या, शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत आणि चाल त्याहून जुनी आहे. फक्त कोणा हयात माणसाने केलेली नवी हार्मनी उचलू नका, ती त्याची असते. पण मुलांच्या वर्गात सगळे जे गातात, ते 'आय अॅम अ चाइल्ड ऑफ गॉड' १९५७ चं. लहानपणापासून पाठ आहे म्हणून ते तुमचं होत नाही. अमेरिकेत त्या काळातल्या, हक्क राखलेल्या प्रकाशित गाण्यांवर ९५ वर्षं हक्क चालतो. घरात आणि सभेत गाणं वेगळं, स्ट्रीमिंगवर टाकून पैसे घेणं वेगळं. कोरस तुमचा आणि ब्रिज चर्चचा असेल, तर आधी परवानगीचा अर्ज टाका. उत्तर येईपर्यंत ड्रम परत रेकॉर्ड करून होतील, आणि ते तसेही करावेच लागणार आहेत.